निरंक

ज्या रोगाचे निदान करण्यास वैद्याची गरज नाही अशी आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रियांची पिढ्यान्‌पिढ्या खात्री होती, अशा रोगांत गोवराचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. मुलाला ताप भरला, डोळे लाल होऊन पाझरू लागले, सर्दीखोकल्याने जीव नकोसा झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानामागून निघालेले तांबूस पुरळ चेहऱ्यावरून छातीपोटावर उतरले, की आजी दुरूनच पाहून निकाल देई. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, स्वयंपाकघरातील फोडणी बंद होई, आणि गोवर ‘नीट बाहेर पडावा, आत जिरू नये’ एवढीच काय ती घराला काळजी असे. मला स्वतःला तो सातव्या वर्षी आला, आणि शाळेच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे दहा-बारा दिवस गैरहजेरीची खूण पडली, यापलीकडे त्या आजाराची नोंद कोठे झाली असेल असे मला वाटत नाही. देवीची लस टोचणारे गावोगाव फिरत, पटकी किंवा प्लेग यांची वर्दी कचेरीत पोहोचविण्यासाठी गावच्या पाटलाची धावपळ होई. गोवर मात्र घरचाच पाहुणा मानला गेल्यामुळे, आणि तो प्रत्येकाला एकदा भेटून जाणार हे ठरलेलेच असल्यामुळे, त्याने किती मुले नेली याचा हिशेब जुन्या दफ्तरांत धड लागत नाही. त्याच्या पाठोपाठ न्यूमोनिया झाला तर मृत्यू न्यूमोनियाच्या नावे, हगवण लागली तर हगवणीच्या नावे मांडला जाई, आणि मूळ अपराधी नामानिराळा राही.

हा अपराधी तारीखवार पकडला गेला तो एका दूरच्या द्वीपसमूहावर. १८४६ च्या मार्चअखेरीस कोपनहेगनहून निघालेला एक सुतार उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर उतरला, आणि त्याच्यासोबत, १७८१ नंतर तब्बल ६५ वर्षांनी, गोवरही उतरला. सुमारे ७,८०० वस्तीच्या त्या बेटांवर थोड्याच महिन्यांत सुमारे ६,००० माणसे आजारी पडली, तेव्हा डेन्मार्कच्या सरकारने दोन तरुण डॉक्टर तेथे पाठविले. त्यांपैकी पीटर लुडविग पानुम अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याच्यापाशी ना लस होती ना औषध, आणि रोगाचे कारण असा एखादा जंतू असतो हेही त्या काळी सिद्ध झालेले नव्हते. होडीने गावोगाव जायचे, घरोघर बसायचे, पुरळ कोणत्या दिवशी उठले आणि त्यापूर्वी हा मनुष्य कोठे व कोणाच्या संगतीत होता एवढेच विचारून वहीत उतरवायचे, हा त्याचा उद्योग. च्योर्नुविक नावाच्या गावातील दहा जण ४ जून रोजी एका होडीतून देवमाशांच्या शिकारीस वेस्टमन्नाच्या बंदरात गेले होते. १८ जून रोजी त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. गावातील बाकीच्यांची पाळी त्यानंतर, जवळजवळ तेवढ्याच अंतराने, आली. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत सुमारे चौदा दिवस जातात, हे वैद्यकशास्त्राला अशा रीतीने एका शिकारीच्या तारखेवरून कळले. आणखी एक गोष्ट पानुमने टिपली. १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेली जी म्हातारी माणसे हयात होती, त्यांपैकी अठ्ठ्याण्णव जणांची त्याने माहिती काढली, आणि त्यांतील एकालाही दुसऱ्यांदा रोग झाला नाही. एकदा येऊन गेलेला गोवर पासष्ट वर्षांनंतरही आपला करार पाळतो, याचा तो पुरावा होता.

पानुमची सोय अशी की बेटाला काठ असतो. गोवर आला कोठून आणि संपला केव्हा हे तेथे स्पष्ट दिसते. सगळ्यांना होऊन गेला की त्याला नवे शरीर मिळत नाही आणि तो विझतो. राज्याला असा काठ नाही. बार्टलेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९५७ साली शहरांचे आकडे तपासून दाखविले की अडीच-तीन लाखांच्या वर वस्ती असलेल्या शहरात गोवर स्वतःच्या बळावर टिकून राहू शकतो, कारण त्याला पुरतील इतकी नवी बालके तेथे सतत जन्माला येत असतात. ज्या राज्यात एकेका जिल्ह्याची वस्ती तीस-चाळीस लाखांची, त्या राज्यात त्याला कधी विझण्याचे कारणच उरत नाही. तो एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात मुक्काम हलवीत राहतो, आणि ज्या तालुक्यातून तो हलला तेथील लोक त्याला गेला असे समजतात.

लस आली तरी हा हिशेब एकदम मिटत नाही, आणि तो का मिटत नाही हे समजून घेण्यासाठी कारकुनी थाटाची थोडी आकडेमोड करणे भाग आहे. आपल्या देशात गोवराची लस सार्वत्रिक लसीकरणात १९८५ साली दाखल झाली व ती नवव्या महिन्यानंतर देण्याचे ठरले, कारण त्यापूर्वी आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये लशीचाच पाडाव करतात. समजा, एखाद्या जिल्ह्यात वर्षाला १०,००० बालके जन्मतात व त्यांपैकी शेकडा ९० जणांना ही मात्रा मिळते. आकडा ऐकून कोणीही जिल्हाधिकारी संतुष्ट होईल. परंतु नवव्या महिन्यातील एक मात्रा शंभरांपैकी सुमारे ८५ मुलांतच प्रतिकारशक्ती निर्माण करते. म्हणजे सुरक्षित झाली ७,६५०, आणि २,३५० बालके, काही लस न मिळाल्यामुळे आणि काही मिळूनही न लागल्यामुळे, उघडी राहिली. ही शिल्लक पुढल्या वर्षी पुढे ओढली जाते, तिसऱ्या वर्षी तिच्यात भर पडते, आणि चार वर्षांत ती ९,४०० च्या घरात जाऊन पोहोचते, म्हणजे जवळजवळ एका पूर्ण वर्षाची जन्मलेली मुले एखाद्या गवताच्या गंजीसारखी कोरडी होऊन ठिणगीची वाट पाहत असतात. दरम्यानच्या तीन-चार वर्षांत गोवर विशेष दिसला नाही म्हणून सर्वांची खात्री झालेली असते की तो हटला. २०१० पासून सुरू झालेली दुसरी मात्रा ही या शिलकेतील वजावट होय. पण तीही शेकडा पंच्याण्णव मुलांपर्यंत पोहोचली नाही तर गंजी उभीच राहते, फक्त वाढण्यास अधिक वर्षे घेते. कोविडच्या काळात ही वजावटच थांबली. २०२१ या एका वर्षात जगभरातील सुमारे चार कोटी बालके गोवराच्या एका तरी मात्रेला मुकली.

ठिणगी मुंबईत पडली. २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस गोवंडीतील, देवनारच्या कचराभूमीला लागून असलेल्या रफी नगरात एकाच कुटुंबातील तीन मुले दोन दिवसांच्या अवधीत दगावली, तेव्हा आरोग्य खात्याचे लक्ष तिकडे गेले. हे वाक्य मी सावकाश लिहितो आहे, कारण रोगाच्या पाळतीचा सगळा दोष त्यात एकवटला आहे. ज्या रोगात बहुतेक मुले बरी होतात, त्या रोगाचा सुगावा तीन मृत्यूंनी लागावा, याचा अर्थ त्यापूर्वी कित्येक आठवडे तो त्या गल्ल्यांतून हिंडत होता आणि कोणाच्याही रकान्यात तो आला नव्हता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राचे पथक आले, घरोघर पाहणी सुरू झाली, आणि मग, दिवा लावल्यावर खोलीतील वस्तू एकेक करून दिसू लागाव्या तसे, कुर्ला, धारावी, भिवंडी, मालेगाव, ठाणे, वसई-विरार असे एकेक नाव यादीवर चढत गेले. वर्ष संपता संपता राज्यातील निश्चित रुग्णांची संख्या हजाराच्या घरात पोहोचली होती. त्या वाढत्या आकड्यांतील किती भाग रोगाच्या वाढीचा आणि किती भाग शोधाच्या वाढीचा, हे वृत्तपत्रांनी विचारले नाही. विचारणे सोपेही नव्हते.

हे आकडे कसे घडतात ते पाहण्यासारखे आहे. आजीची परीक्षा या कामात पुरेशी नाही, कारण रुबेलाचे पुरळही तसेच दिसते, डेंगीत पुरळ उठते, आणि लहान मुलांचे इतर कितीतरी साधे ताप तोच वेष घालून येतात. म्हणून आता शोधाची व्याख्या मुद्दाम सैल ठेवलेली आहे: ताप आणि अंगभर पुरळ असलेले कोणतेही मूल हे संशयित. अशा मुलाचे थोडे रक्त घ्यायचे, त्यातील रक्तद्रव वेगळा काढायचा, आणि पोलिओच्या लशीसाठी जी निळी पेटी गावोगाव फिरते तसल्याच पेटीत, बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवून, प्रयोगशाळेकडे रवाना करायचा. पुरळ उठल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत हा नमुना घेतला गेला पाहिजे; फार लवकर घेतला, म्हणजे पहिल्या तीन दिवसांतच, तर रोग असूनही चाचणी कधी कधी नकार देते. परळच्या ज्या हाफकिन संस्थेचा जन्म प्लेगच्या संशोधनासाठी झाला, तिच्या टेबलांवर त्या हिवाळ्यात गोवराच्या नळ्यांच्या रांगा लागल्या होत्या. थोड्या दिवसांच्या अवधीत एका भागात पाच संशयित सापडले आणि त्यांतील निदान दोघांचा रोग प्रयोगशाळेने निश्चित केला, की तो ‘उद्रेक’ ठरतो. एकदा उद्रेक ठरला की त्याच गल्लीतल्या, त्याच शाळेतल्या पुढील प्रत्येक मुलाचे रक्त घेत बसण्याची गरज नसते. आधीच्या निश्चित रुग्णाशी त्याचा संबंध जुळतो एवढ्यावर तो रुग्ण मोजला जातो. पानुमने दहा शिकाऱ्यांना एकत्र बांधले ते याच न्यायाने.

यामुळे एकाच दिवशी एकाच शहरासाठी तीन वेगळे आकडे खरे असू शकतात: संशयितांचा, प्रयोगशाळेने निश्चित केलेल्यांचा, आणि संबंधावरून धरलेल्यांचा. संशयित हजारोंनी असतात आणि निश्चित शेकड्यांनी. चहाच्या टपरीवर बसून वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ या तफावतीवरून ‘सरकार आकडे दडविते’ असा निष्कर्ष काढतो, आणि दुसरा ‘उगाच घबराट माजवितात’ असा. दोघांनाही एक साधी गोष्ट कोणी सांगितलेली नसते. दैनिक पत्रकातील आकडा हा बहुतेक वेळा कळल्याच्या तारखेचा असतो, पुरळ उठल्याच्या तारखेचा नसतो. प्रयोगशाळेत साठलेले दोनशे नमुने एका मंगळवारी तपासून झाले, की बुधवारच्या अंकात साथ भडकते. प्रत्यक्षात ती दोन आठवड्यांपूर्वी भडकून उतरणीलाही लागलेली असू शकते. रुग्णयादीत म्हणूनच कितीही रकाने असले, नाव, वय, पत्ता, लशीच्या मात्रा, प्रवास, तरी त्यांतील सर्वांत मोलाचा रकाना पुरळ उठल्याच्या तारखेचा. तो रिकामा राहिला तर मागे चौदा दिवस मोजून हे मूल कोणत्या लग्नात, कोणत्या दवाखान्याच्या कोंदट पडवीत रोग घेऊन आले हे शोधता येत नाही. आणि दवाखान्याची पडवी हे मी उगाच लिहीत नाही, कारण गोवराचा रुग्ण उठून गेल्यावरही त्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतो, आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल तो वाटत असते.

वयाच्या रकान्यावर तर लशीचा निर्णय अवलंबून असतो. त्या साथीत केंद्राने असे कळविले की उद्रेकाच्या भागात नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना एक जादा मात्रा द्यावी, आणि एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालील तान्ह्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या वर गेले, तर सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही लस टोचावी. ही तान्ह्यांची मात्रा कागदोपत्री ‘शून्य मात्रा’ म्हणून लिहितात. ती दिली तरी पुढच्या दोन्ही ठरलेल्या मात्रा द्यायच्याच असतात. ती जमेत धरायची नसते. जी सुई टोचली गेली तिला शून्य म्हणायचे, हा सरकारी भाषेचा विनोद वाटेल, परंतु त्यात शहाणपण आहे, कारण त्या वयात आईची प्रतिद्रव्ये तिचा पाडाव करण्याचा संभव असतो.

राज्य ही या हिशेबाची योग्य पातळी का, याचे उत्तर पत्त्याच्या रकान्यात मिळते. २०२२ च्या साथीत मुंबईच्या रुग्णालयांत दगावलेल्या मुलांपैकी काही भिवंडीची आणि नालासोपाऱ्याची होती, आणि महापालिकेच्या पत्रकात त्यांची गणना ‘मुंबईबाहेरील’ म्हणून वेगळी होई. महापालिकेच्या दृष्टीने ते रास्त होते. पण जे मूल एका गावी राहिले, दुसऱ्या गावी आजारी पडले आणि तिसऱ्या गावी मेले, ते कोणाच्या खाती घालायचे हा तंटा तिन्ही गावांच्या वरची कचेरीच सोडवू शकते. याहून अवघड गोष्ट जिवंत मुलांची आहे. बीडकडील ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात ती उन्हाळ्यातच परततात. नवव्या महिन्यातील मात्रेच्या वेळी बाळ आईसोबत कोपीवर असते, आणि दुसऱ्या मात्रेच्या वेळी पुन्हा कोपीवरच. मूळ गावच्या नोंदवहीत त्याच्यापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, आणि जेथे ते गेले तेथील नोंदवहीत त्याचे नावच नसते. दोन्ही गावांची टक्केवारी उत्तम राहते. मला नेहमी वाटते की गोवराचा विषाणू या दोन वह्यांमधल्या फटीत राहतो.

अमेरिकेत, जेथे २००० साली गोवराचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले होते, तेथील टेक्सस राज्याने २०२५ सालच्या साथीत आपले आकडे मंगळवारी आणि शुक्रवारी, आठवड्यातून दोनदा, परगणावार जाहीर केले. जानेवारीच्या अखेरीस गेन्स परगण्यातील मेनोनाइट पंथीयांच्या वस्तीत सुरू झालेल्या त्या साथीत राज्यभर ७६२ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ४१४ एकट्या गेन्समधील, आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले त्यात गेली. तक्ता नीटस होता. तरीही त्यात एक रकाना असा होता की ज्याने माझे समाधान झाले नाही: ज्यांनी लस घेतली नाही आणि ज्यांनी घेतली की नाही हे ठाऊक नाही, असे दोन्ही प्रकारचे लोक त्यांनी एकाच खान्यात घातले होते. न घेणे ही माणसाची गोष्ट, ठाऊक नसणे ही कचेरीची. शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस, म्हणजे रोगाच्या दीर्घात दीर्घ सुप्तकाळाच्या दुप्पट काळ, एकही नवा रुग्ण सापडला नाही, तेव्हा १८ ऑगस्ट रोजी साथ संपल्याचे जाहीर झाले. बेचाळीस दिवस रोज शोधून रोज शून्य लिहिणे, हे काम साथीच्या ऐन भरातील धावपळीपेक्षा अधिक कंटाळवाणे असते, आणि ते करणाऱ्यांची छायाचित्रे कोणी छापीत नाही.

शून्य लिहिण्याच्या या विद्येला आपल्या कचेऱ्यांत एक उत्तम शब्द आहे: निरंक. माहिती नाही, रुग्ण नाहीत, कळविण्यासारखे काही नाही, अशा सर्व प्रसंगी हा एकच शब्द रकान्यात बसतो, आणि त्यातच त्याचा धोका आहे. कारण रोग नाही म्हणून आलेले निरंक आणि कोणी पाहिलेच नाही म्हणून आलेले निरंक, ही दोन्ही कागदावर हुबेहूब सारखी दिसतात. त्यांना वेगळे काढण्यासाठी रोगसर्वेक्षणाच्या शास्त्राने एक तोडगा काढला आहे, आणि या सबंध विषयात मला तो सर्वांत चतुर वाटतो. एखादा जिल्हा गोवरावर नीट नजर ठेवतो की नाही हे त्याला किती गोवर सापडला यावरून ठरवायचे नाही. जे संशयित म्हणून धरले, ज्यांचे रक्त तपासले, आणि ज्यांना गोवर किंवा रुबेला काहीच नाही असे निष्पन्न झाले, अशी मुले त्याला किती सापडली हे पाहायचे. दर लाख वस्तीमागे वर्षाला निदान दोन अशी मुले सापडलीच पाहिजेत, कारण पुरळ आणि ताप यांचे साधे आजार कोठल्याही मुलखात तेवढे असतातच. तीस लाख वस्तीच्या जिल्ह्याने म्हणजे साठ वेळा ‘हा गोवर नव्हे’ असे रक्तानिशी सिद्ध केले, तर त्याच्या निरंकावर विश्वास ठेवायचा. ज्याने वर्षभरात पाचच नमुने पाठविले त्याचा निरंक परत करायचा. देशाने गोवर आणि रुबेला यांच्या उच्चाटनासाठी २०२६ हे साल ठरविले आहे, आणि उच्चाटनाची व्याख्याही अशीच दुहेरी आहे: बारा महिने स्थानिक प्रसार नसला पाहिजे, आणि त्या बारा महिन्यांत पाहणारे डोळे उघडे होते असेही दाखविता आले पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात एका डोंगराळ तालुक्यातील उपकेंद्रात मी सोमवारी सकाळी बसलो होतो. मागल्या आठवड्याचा अहवाल त्या दिवशी वर जायचा होता. आरोग्यसेविका, जिला सारा गाव सिस्टर म्हणतो, मोबाइलवर भरण्यापूर्वी सगळे आधी वहीत लिहून घेत होती. बाजूला स्टीलच्या पेल्यात चहा निवत होता, भिंतीवर लसीकरणाच्या तारखांचा तक्ता होता, आणि त्याखाली निळी पेटी कोरडी करण्यासाठी झाकण उघडून ठेवलेली होती. तिने एकेका आशाताईला फोन लावला. पहिल्या चौघींकडे काही नव्हते. ताप-पुरळाच्या रकान्यात तिने ‘नि’ हे अक्षर काढले, आणि तेवढ्यात पाचवीचा फोन लागला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला.

“सिस्टर, ओढ्यापल्याड भट्टीवर काल रातीला चार बिऱ्हाडं उतरल्यात. एका पोराला ताप हाय म्हणं. अंगावर काय उठलंय का ते म्या बघितलं न्हाई, झोपलेलं हुतं.”

“किती वर्षांचं आहे?”

“दीडेक असंल.”

“कार्ड आहे का त्याच्याकडे?”

“कशाचं कार्ड, सिस्टर.”

सिस्टरने पेनाला टोपण लावले, पेटीचे झाकण बसविले, आणि बर्फाच्या पिशव्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्याव्या लागतील असे स्वतःशीच पुटपुटत ती स्कूटरची किल्ली शोधू लागली. वही टेबलावर उघडीच राहिली.